वाचकांचे प्रश्न : डिस्कमधील आवाज फाइलमध्ये उतरवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. घरोघरी साठलेल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी आता वाजवायच्या कशावर, हा प्रश्न आहेच. पण त्यांतील चित्र बाजूला ठेवून केवळ आवाज मोबाइलवर किंवा गाडीत ऐकता यावा, अशी अनेकांची इच्छा दिसते. म्हणून हा अंक त्या पत्रांसाठी राखून ठेवला आहे.

प्रश्न : माझ्याकडे एका जुन्या संगीत नाटकाच्या तीन व्हीसीडींचा संच आहे. तो संगणकात घातला असता आत 'डॅट' प्रकारच्या फाइली दिसतात. सकाळी फिरताना नाटक ऐकता यावे म्हणून त्यांचे एमपी३ करायचे आहे. आवाज न बिघडवता हे कसे करावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्याला हवा असलेला ध्वनी डिस्कवर दाबलेल्या, म्हणजे जागा वाचवण्यासाठी संक्षिप्त केलेल्या, स्वरूपात तयारच आहे, तो चित्रापासून सोडवून घेणे हे पहिले काम आणि त्याचे एमपी३ करणे हे दुसरे काम. बहुतेक लोक ही दोन्ही कामे एका झटक्यात उरकतात आणि आवाज बिघडतो तो तिथेच.

व्हीसीडीचा आराखडा १९९३ साली ठरला. त्यात ध्वनीला एकच रूप नेमून दिलेले आहे, ते म्हणजे एमपीईजी-१ लेयर २, ज्याला व्यवहारात एमपी२ म्हणतात. त्याचा नमुनादर, म्हणजे ध्वनीचे घेतलेले नमुने, सेकंदाला ४४,१०० आणि वेग, म्हणजे ध्वनीसाठी खर्च होणारी माहिती, सेकंदाला २२४ किलोबिट असतो. 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमधील डॅट फाइल म्हणजे हा एमपी२ ध्वनी आणि एमपीईजी-१ चित्र यांची एकत्र वेणी असते. एमपी२ हा एमपी३चाच थोरला भाऊ असून २२४ किलोबिटांवर त्यातील भाषण आणि गायन चांगले टिकते. चित्र मात्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असल्याने आजच्या मोठ्या पडद्यावर ते पाहवत नाही. म्हणजे व्हीसीडीत जपण्यासारखे जे आहे ते बहुतांशी ध्वनीतच आहे, असे माझे मत आहे.

आधी डॅट फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर एफएफएमपेग हा विनामूल्य प्रोग्राम वापरून चित्र वगळण्याची आणि ध्वनी 'कॉपी' करण्याची आज्ञा द्यावी. कॉपी या सूचनेला येथे फार महत्त्व आहे, कारण ती दिली की प्रोग्राम ध्वनी उलगडून पुन्हा दाबत बसत नाही, जसाच्या तसा बाजूला काढतो, आणि तासाभराच्या डिस्कचे काम मिनिटभरातही आटोपू शकते. तयार होणारी एमपी२ फाइल मिनिटाला सुमारे १.७ एमबी भरते. अडीच तासांचे नाटक २५० एमबीच्या आसपास बसेल. हीच आपली मूळ प्रत समजावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी.

आज्ञा टंकून काम करणे आपल्याला अवघड वाटत असेल, तर व्हीएलसी या प्लेअर प्रोग्राममधील 'मीडिया' या यादीतून 'कन्व्हर्ट / सेव्ह' निवडून डॅट फाइलवरून थेट एमपी३ करता येते. येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. व्हीएलसीने तयार ठेवलेला 'ऑडिओ – एमपी३' हा पर्याय १२८ किलोबिटांवर बेतलेला असतो. केवळ संवाद असतील तर तेवढ्यावर भागते, परंतु ऑर्गन, सारंगी आणि तबला यांची साथ असलेल्या संगीत नाटकाला तो वेग तोकडा पडतो आणि झांजेसारख्या चमकदार आवाजांत एक ओलसर खळखळ ऐकू येऊ लागते. त्या पर्यायाशेजारी पान्याचे चिन्ह आहे. त्यावर टिचकी मारून ध्वनीच्या पानावर वेग १९२ करावा. गद्य नाटक असेल तर याच्या उलट, एका वाहिनीचे (मोनो) ६४ किलोबिटसुद्धा चालतात आणि अडीच तास ७२ एमबीत मावतात.

तीन डिस्कचे तीन भाग जोडायचे की वेगळे ठेवायचे, हे आपल्या सोयीवर आहे. मी वेगळे ठेवीन, कारण फिरायला जाताना अडीच तासांच्या एकाच फाइलमध्ये कालची जागा शोधणे हा मोठाच वैताग असतो.

प्रश्न : दुकानदाराने व्हीसीडीतील गाणी ३२० किलोबिटांच्या एमपी३मध्ये करून दिली आणि 'वेव्ह'मध्ये हवी असतील तर दर्जा आणखी वाढेल, असे सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. मूळ ध्वनी २२४ किलोबिटांचा आहे. दाबताना जे वगळले गेले ते कोणत्याही रूपांतराने परत येत नाही. ३२०च्या एमपी३मध्ये मिनिटाला २.४ एमबी आणि वेव्हमध्ये मिनिटाला साडेदहा एमबी जागा खर्च होते, ऐकू मात्र तेच येते. उलट एमपी३ करताना दुसऱ्यांदा दाबल्यामुळे किंचित घटच होते. ध्वनी मुळीच न दाबणारे वेव्ह किंवा एफएलएसी या स्वरूपांचा उपयोग वेगळ्या प्रसंगी आहे. आपण ध्वनीत काही दुरुस्ती करणार असाल, खरखर काढणार असाल किंवा तुकडे पाडणार असाल, तर दुरुस्त केलेली प्रत एफएलएसीमध्ये ठेवावी. २००१ साली आलेले हे स्वरूप ध्वनी दाबते, पण त्यातील काहीही टाकून देत नाही. मग गाडीसाठी, मोबाइलसाठी जे एमपी३ लागतील ते त्या प्रतीवरून काढावेत. एमपी३वरून एमपी३ काढू नये.

प्रश्न : आमच्या गायन वर्गाच्या गुरुपौर्णिमा कार्यक्रमाची डीव्हीडी छायाचित्रकाराने दिली आहे. तिच्यातील प्रत्येक फाइलचा आवाज मी वेगळा काढला, परंतु एका विद्यार्थिनीचा ख्याल तानेच्या मध्येच तुटतो आणि पुढच्या फाइलमध्ये सुरू होतो. शिवाय एका फाइलमध्ये काहीच नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष कार्यक्रमाच्या मुद्रणात नसून डीव्हीडीच्या रचनेत आहे. 'व्हिडिओ टीएस' या फोल्डरमधील व्हीओबी प्रकारची कोणतीही फाइल एक जीबीहून मोठी होऊ द्यायची नाही, असा डीव्हीडीचा दंडक आहे. त्यामुळे लांब कार्यक्रम जेथे एक जीबी भरेल तेथे कापला जातो, मग तेथे तान असो वा तिहाई. प्लेअर हे तुकडे सलग वाचतो म्हणून पाहताना सांधा कळत नाही. आपण तुकड्यातुकड्याने आवाज काढलात म्हणून तो उघडा पडला. ज्या फाइलमध्ये आपल्याला काही मिळाले नाही तिच्या नावाच्या शेवटी शून्य असेल, तर ती बहुधा पडद्यावर येणाऱ्या सूचीची, म्हणजे मेनूची फाइल आहे.

यावर उपाय असा की तुकडे न उचलता संपूर्ण 'टायटल', म्हणजे डीव्हीडीवरील एक सलग कार्यक्रम, उचलावे. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम डीव्हीडीतील एक टायटल एका सलग फाइलमध्ये उतरवतो आणि ध्वनीला हात लावत नाही. ती फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडावी. मात्र त्यासाठी एफएफएमपेगचे ग्रंथालय (सहायक फाइलींचा संच) आधी वेगळे बसवावे लागते, अन्यथा ऑडॅसिटी अशी फाइल उघडण्यास नकार देते. उघडल्यावर प्रत्येक गायनाच्या आरंभी एक लेबल लावावे, त्याला कलाकाराचे आणि रागाचे नाव द्यावे, आणि निर्यात करताना लेबलांनुसार अनेक फाइली करण्याचा पर्याय निवडावा. लेबल लावताना तानपुरा सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत आणि शेवटी टाळ्यांचा थोडा भाग राहू द्यावा; समेवर आवाज कापलेली मैफल ऐकताना फार रुक्ष वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी व्हीएलसीमध्ये डीव्हीडी लावून 'टूल्स'मधील 'कोडेक इन्फर्मेशन' एकदा पाहावे. छायाचित्रकाराने ध्वनी न दाबता, म्हणजे एलपीसीएम रूपात ठेवला असेल तर तेथे तसे दिसेल. तसे असल्यास आपले नशीब चांगले आहे आणि एफएलएसीची प्रत करणे सार्थकी लागेल. एसी-३ दिसले तर ध्वनी आधीच दाबलेला आहे, असे समजावे.

प्रश्न : मी नाट्यसंगीत शिकते. एका जाहीर कार्यक्रमाच्या डीव्हीडीतील पद काळी चारमध्ये आहे आणि टीव्हीवर लावले की ते माझ्या पेटीशी जुळते. त्याच डीव्हीडीतून काढलेली फाइल मात्र कोणत्याच पट्टीशी जुळत नाही, आणि गायकाचा आवाजही जड वाटतो. दुसरे असे की जुन्या चित्रपटगीतांची एक व्हीसीडी टीव्हीवरसुद्धा कॅसेटपेक्षा चढीच वाजते. पेटी तपासून घेतली आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या कानाला दाद द्यावीशी वाटते, कारण या दोन्ही गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. दोन्हींची कारणे निरनिराळी आहेत.

डीव्हीडीतील ध्वनीचा नमुनादर सर्वसाधारणपणे सेकंदाला ४८,००० असतो, तर संगीताच्या सीडीचा ४४,१००. काही जुने प्रोग्राम नमुने ४८,०००च्या हिशेबाने उचलतात आणि फाइलवर शिक्का मात्र ४४,१००चा मारतात. मग एका सेकंदात जेवढे नमुने वाजायला हवेत तेवढे वाजत नाहीत, सगळे मंदावते आणि सूर सुमारे दीड पट्टीने उतरतो. काळी चारमध्ये गायलेले पद यामुळे काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसते, आणि तेथे पेटीला पट्टीच नाही. फाइलची लांबी पाहिली तर खात्री पटेल: डीव्हीडीवर ६० मिनिटांचा असलेला भाग अशा फाइलमध्ये ६५ मिनिटे १८ सेकंदांचा होतो. आवाज जड वाटतो त्याचे कारणही हेच आहे.

शक्य असेल तर फाइल टाकून द्यावी आणि नव्या प्रोग्रामने आवाज पुन्हा काढावा. डीव्हीडी हाताशी नसेल तर ऑडॅसिटीमध्ये त्या ध्वनिपट्टीच्या यादीतून 'रेट' बदलून ४८,००० करावा. ऐकू येणारा सूर तत्काळ जागेवर येतो. येथे 'टेम्पो' बदलणारा किंवा केवळ 'पिच' बदलणारा परिणाम वापरू नये. टेम्पो बदलून लय सुधारते आणि सूर तसाच राहतो, पिच बदलून याच्या उलट होते. आपल्याकडे लय आणि सूर दोन्ही एकाच प्रमाणात ढळलेले आहेत.

व्हीसीडीचे प्रकरण याहून जुने आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आपल्याकडील दूरचित्रवाणीची पाल पद्धती मात्र सेकंदाला २५ चौकटींची आहे. चित्रपट व्हिडिओवर उतरवताना हा मेळ घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो सरळ २५च्या वेगाने पळवणे, आणि पुष्कळ ठिकाणी तोच पत्करला गेला. त्याने पाच मिनिटांचे गाणे ४ मिनिटे ४८ सेकंदांत संपते आणि सूर पाऊण पट्टीच्या आसपास चढतो. आपली व्हीसीडी अशीच असेल तर दुरुस्ती सोपी आहे: ऑडॅसिटीतील वेग बदलण्याच्या परिणामात वेग ०.९६ पट करावा, म्हणजे लय आणि सूर दोन्ही मूळ जागी येतील. पण आधी कॅसेटमधील आणि व्हीसीडीतील त्याच गाण्याची लांबी घड्याळ लावून ताडून पाहावी. कॅसेटची मोटर स्वतःच मंद फिरत असेल तर सगळा न्याय उलटा व्हायचा. रंगमंचावरील कार्यक्रम थेट २५ चौकटींच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेला असेल, तर त्याला हा नियम लागू नाही आणि त्याचा वेग मुळीच बदलू नये.

प्रश्न : भजनी मंडळासाठी कराओके व्हीसीडी घेतली. काढलेल्या फाइलमध्ये एका कानात गायक आणि वाद्ये, तर दुसऱ्या कानात नुसती वाद्ये ऐकू येतात. फाइल बिघडली आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फाइल उत्तम आहे. कराओके व्हीसीडीत मुद्दामच एका वाहिनीवर गायनासह संगीत आणि दुसरीवर केवळ संगीत ठेवतात. कोणते ऐकायचे ते प्लेअरवरील बटणाने निवडायचे असते. ऑडॅसिटीमध्ये स्टीरिओ पट्टी दोन मोनो पट्ट्यांत विभागावी आणि दोन स्वतंत्र फाइली कराव्यात, एक सरावासाठी आणि एक साथीसाठी. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो फाइल केलीत, तर साथीची पट्टी कायमची हातची जाईल.

प्रश्न : विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीतून गाणे काढले, तर वाद्ये मोठी आणि गायिकेचा आवाज लांबून आल्यासारखा. दुसऱ्या एका डीव्हीडीच्या फाइली कॉपी केल्या तर नुसता कचऱ्यासारखा आवाज येतो. असे का, आणि हे करणे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पहिल्या डीव्हीडीत ध्वनी पाच अधिक एक अशा सहा वाहिन्यांचा आहे. अशा मिश्रणात संवाद आणि बहुधा गायन मधल्या वाहिनीवर असते. आपल्या प्रोग्रामने पुढच्या डाव्या आणि उजव्या वाहिन्याच उचलल्या आणि मधली सोडून दिली. ऑडॅसिटीमध्ये अशी फाइल उघडली की सहा पट्ट्या एकाखाली एक दिसतात: डावी, उजवी, मधली, मग खर्जाची आणि शेवटी मागच्या दोन. तिसरी पट्टी एकटी लावून पाहावी, गायिका तेथे सापडेल. मधली पट्टी तीन डेसिबलने कमी करून डाव्या आणि उजव्या दोन्हींत मिसळणे ही रूढ रीत आहे. एफएफएमपेगला 'दोन वाहिन्या' एवढेच सांगितले तरी तो हे स्वतः करतो, म्हणून मी हाताने मिसळण्याच्या भानगडीत पडणार नाही. त्यानंतर आवाज मंद वाटल्यास संपूर्ण फाइलची पातळी एकदाच वाढवावी.

दुसऱ्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचे कुलूप आहे. त्यामुळे फाइली उतरतात, पण आतील मजकूर गोंधळलेलाच राहतो. ते कुलूप उघडण्याविषयी भारतीय कायद्यात दोन तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला न्याय्य वापर हे उल्लंघन ठरत नाही. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ मात्र हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगते. स्वतःच्या डिस्कवरील गाणे स्वतः ऐकणे आणि तेच गाणे समूहात वाटणे किंवा संकेतस्थळावर चढवणे, यांतील अंतर या दोन कलमांतच स्पष्ट होते. 'न्याय्य' कशाला म्हणायचे ते शेवटी न्यायालय ठरवते. व्यवहाराचे म्हणाल तर चित्रपटगीताचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण अधिकृतपणे मिळत असताना डीव्हीडीतून ते काढण्यात अर्थ नाही, कारण चित्रपटातील आवृत्तीत मध्येच संवाद आणि पावलांचे आवाजही येतात.

प्रश्न : लग्नाच्या दोन व्हीसीडी आणि एक छोटी डीव्हीडी आहे. व्हीसीडी अर्ध्यावर अडतात, छोटी डीव्हीडी संगणकाला कोरी दिसते. सासऱ्यांचा आवाज एवढाच कुठे असेल तर त्यात आहे.
— एक वाचक, अमरावती

उत्तर : आधी छोट्या डिस्कविषयी. ती कॅमेऱ्यात थेट चित्रण होणारी आठ सेंटीमीटरची डिस्क असावी. मुद्रण संपल्यावर त्या कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' ही क्रिया करायची असते. ती राहून गेली तर डिस्क बाहेर कोरी भासते. तोच कॅमेरा किंवा त्याच जातीचा कॅमेरा मिळवून ती क्रिया पूर्ण करावी. संगणकाने 'फॉरमॅट करू का' असे विचारले तर कदापि होकार देऊ नये. तसेच ही डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये, ती अडकते. तबक बाहेर येणारा ड्राइव्ह घ्यावा.

व्हीसीडी ओरखड्यांपुढे हळवी का असते, याला कारण आहे. माहितीच्या सीडीत प्रत्येक २,०४८ बाइटांच्या खंडाबरोबर २७६ बाइट चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. व्हीसीडीने ती जागाही चित्र आणि ध्वनीला देऊन खंड २,३२४ बाइटांचा केला. जागा १३ टक्के वाढली, पण दुरुस्तीचा एक थर गेला. प्लेअर अशा ठिकाणी क्षणभर चौकोन दाखवून पुढे जातो. संगणक मात्र फाइल कॉपी करताना एका चुकीवर सगळेच काम सोडून देतो. म्हणून चुका ओलांडून वाचणारा प्रोग्राम वापरावा, वाचण्याचा वेग कमी ठेवावा आणि शक्य असल्यास दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करावा, कारण एकाला न वाचता येणारी जागा दुसरा वाचू शकतो. डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये. नावाच्या बाजूला अधिक जपावे. सीडीत माहितीचा थर त्या बाजूला रंगाखालीच असतो आणि तेथे पडलेला चरा घासून निघत नाही.

यातूनही काही हाती लागले नाही, तर जुन्या प्लेअरवर डिस्क लावून त्याची लाल-पांढरी तार संगणकाच्या ध्वनी-प्रवेशाला जोडावी आणि ऑडॅसिटीत ऐकता ऐकता मुद्रण करावे. या रीतीला कार्यक्रमाइतकाच वेळ लागतो, परंतु प्लेअर अडखळत का होईना पुढे जात असेल, तर सासऱ्यांचा आवाज आपल्याला नक्की मिळेल.

प्रश्न : एमपी३ला मराठीत नावे दिली, गाडीत मात्र चौकोन दिसतात.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : फाइलमधील नावाची खूण आयडी३ या नावे साठवण्याच्या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत आणि यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात लिहावी. एमपी३टॅग किंवा किड३ या प्रोग्राममध्ये ही निवड आहे. तरीही चौकोन दिसल्यास गाडीच्या यंत्रात देवनागरीचा टंकच नाही. अशा वेळी फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे क्रमांक इंग्रजी अंकांत लिहावेत आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२ या फाइल-रचनेत फॉरमॅट केलेला ठेवावा, म्हणजे निदान गाणी क्रमाने वाजतील.